भावोजींच्या हाताखालचं डोकं

माझ्या डोक्याबद्दल कुणी बोललेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. आमच्या पाड्यातला पहिला पदवीधर आहे. आणि माझे केस तिशीच्या आत गेले. या गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण आमच्या पाड्यात तो जोडला गेला, आणि माझ्या भाचीचं कॉलेज त्यात अडकलं. म्हणून लिहितो आहे.

केस जायला लागले की सल्ला द्यायचा परवाना अख्ख्या जगाला मिळतो. कॅन्टीनमध्ये समोर बसलेला माणूस माझ्या डोळ्यांकडे बघत नाही, कपाळाच्या वर बघून बोलतो. कांद्याचा रस लाव. इथलं पाणी वाईट, पाणी बदल. भांग बाजूने पाड. बाजूने कशाला, सगळे पुढे ओढ. हे सांगणाऱ्यांच्या डोक्यावर झाडू उगवलेला असतो. केळव्याला ऑफिसची सहल गेली, तेव्हा समुद्रावरून वारा सुटला आणि एका हुशार सहकाऱ्याने माझा मागून फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘हेलिपॅड’. सगळ्यांनी हसून घेतलं. तो विसरला असेल. मी त्याच्याशी अजून कामापुरतंच बोलतो.

आणि सलूनमधले ते तक्ते! ‘विरळ केसांना शोभणारे कट’ म्हणून भिंतीवर डझनभर चेहरे लावलेले असतात. त्यातल्या एकाचेही केस विरळ नसतात. भाताच्या रोपासारखे गच्च, वर पुन्हा तेल चोपडून चकचकीत केलेले. ज्याच्या घरात धान्य भरलंय त्याने उपाशी माणसाला जेवायचं कसं ते शिकवावं, तसला प्रकार.

पण बाहेरच्यांचं सोडा. माझं खरं भांडण भावोजींशी, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याशी.

आमचा पाडा हायवेच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे न्हाव्याचं दुकान नव्हतं, अजूनही नाही. ताईला पाड्यातच दिली होती, आणि पाड्यातल्या पुरुषांचे केस भावोजी कापायचे. त्यांच्या अंगणात आंब्याखाली एक दगड आहे. रविवारी त्या दगडावर बसायचं, खांद्यावर पोतं टाकून घ्यायचं आणि मान खाली घालायची. मग भावोजी तोंडाला येईल ते बोलत. कुणाची बायको रुसून माहेरी बसली, कुणी दारू पिऊन सासऱ्याच्या अंगणात लोळला, सगळं त्या दगडावर निघायचं. डोकं त्यांच्या हातात आणि वस्तरा कानाशी, मग उलट कोण बोलणार? सरपंच झालेला माणूससुद्धा त्या दगडावर गप्प बसलेला मी बघितला आहे. एरवी भावोजींना कोण विचारत होतं? जमीन थोडी, तीही पावसावरची. शाळा लहानपणीच सुटलेली. त्यांचं राज्य त्या दगडापुरतं होतं, आणि ते त्यांनी पुरेपूर चालवलं.

पालघरला कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मी तिथल्या सलूनमध्ये केस कापले. फिरती खुर्ची, समोर आरसा, मान ताठ. रविवारी पाड्यावर आलो तर भावोजी आंब्याखाली कात्री घेऊन उभे. माझ्याभोवती एक फेरी मारली, बैल बघावा तशी.

“कोनाकडं कापलंस?”

“पालघरला.”

“आमचा हात आता टोचतो काय साहेबाला?”

तेव्हापासून मी साहेब. त्या दगडावर मी पुन्हा बसलो नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. आपलं डोकं कुणाच्या हातात द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण भावोजींनी ते मनात धरलं. पुढे केस जायला लागले आणि त्यांना सणच मिळाला.

“आमी कापत होतो तवर चांगले उगवत होते,” दगडावर बसलेल्याच्या डोक्यावरून ते मला ऐकवायचे. “पालघरवाल्यानं मुळासकट उपटले.”

काही दिवसांनी पालघरचा न्हावी निर्दोष सुटला आणि पुस्तकं आरोपी झाली. “न्हाव्याची चूक नाय. बुकं वाचून डोकं तापतं. तापल्या जमिनीत गवत टिकंल काय?” हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की थट्टा होती हे लोक विसरून गेले. म्हाताऱ्या मला बघून चुकचुकायला लागल्या. एका बाईने तर पोराला अभ्यासाला बसवताना त्याच्या टाळूवर तेल थापायला सुरुवात केली. मी सांगायचो, अरे, माझा मामा शाळेच्या पायरीवर चढला नव्हता आणि त्याचं डोकं घागरीसारखं होतं. हे रक्तातून येतं. भावोजींचं उत्तर तयार असायचं, “मामा म्हातारा होता. तू कवा म्हातारा झालास?”

माझं लग्न केस असतानाच झालं होतं, त्यामुळे त्या बाजारात मला काही खपवायचं नव्हतं. हसतायत तर हसू दे, म्हणायचो. मग भाची बारावी झाली.

विज्ञान शाखेतून, चांगल्या मार्कांनी. तिला पालघरला बीएस्सी करायचं होतं. ताई तयार होती. भावोजी नाही म्हणाले. घराण्यातल्या बाकीच्या मुली बोईसरला पॅकिंगच्या कामाला जातात, हीपण जाईल. मी ताईला फोनवर कारण विचारलं.

“ते म्हनतात, शिकून पोरीचे केस जातील.”

मी हसलो. ताई हसली नाही.

“हसू नको. रोज बोलतात. बाप्याचं चालतं, पोरीची जात हाय, मामासारखी झाली तर कोन करील हिला? ती पन आता फणीत किती केस आले ते बघत बसते.”

तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. भावोजींना स्वतःला ते खरं वाटत नव्हतं, याची मला खात्री आहे. त्यांना मुलीला पाठवायचं नव्हतं आणि दाखवायला माझं डोकं हाताशी होतं, एवढंच. इतक्या परीक्षा पास होऊन मी जे मिळवलं, ते ह्या माणसाने पोरीला घाबरवायचं बुजगावणं करून शेतात उभं केलं.

प्रवेशाची मुदत संपत आली होती. रविवारी येतो, म्हणून मी ताईला कळवलं. आणि ठरवलं की त्यांचा पुरावाच काढून घ्यायचा. डोक्यावर केस दिसले की बोलणं बंद.

शनिवारी बोईसरच्या एका काचेच्या सलूनमध्ये गेलो. खुर्चीमागच्या कारागिराने माझं डोकं दोन्ही हातांनी इकडे तिकडे फिरवलं.

“सर, छुपाना है या सजाना है?”

“छुपाना.”

त्याने बाजू बारीक केल्या, वरचे होते नव्हते ते पुढे ओढले, कपाळावर झालर पाडली. मग एक डबी काढली आणि वड्यावर सुकी चटणी भुरभुरावी तशी काळी भुकटी माझ्या टाळूवर भुरभुरली. ती उरलेल्या केसांना चिकटते आणि मधली कातडी झाकते.

“दस साल पीछे, सर.”

“पसीना आया तो?”

“कुछ नहीं होगा, सर.”

खोटं कशाला बोलू, आरशात कॉलेजातला मी दिसलो आणि बरं वाटलं. डबी घेऊन बोईसरजवळच्या पाम गावातल्या माझ्या घरी आलो. रविवारी सकाळी डोकं धुऊन भुकटी स्वतःच टाकली, जरा सढळ हातानेच. त्यावर हेल्मेट घातलं आणि मोटरसायकलला किक मारली. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. काळी भुकटी, जूनमधला घाम आणि बंद हेल्मेट यांचं मिळून काय होतं हे मला प्रयोग न करता कळायला हवं होतं. रागात नाही कळलं. चिल्हार फाट्याला हायवे ओलांडला तेव्हा डोक्यात मुंग्या फिरत होत्या, तरी मी थांबलो नाही.

अंगणात रविवारचा दरबार भरला होता. दगडावर एक जण मान खाली घालून बसलेला, चार-पाच जण आपल्या पाळीची वाट बघत. मी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि केसांवरून हात फिरवत पुढे झालो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, जमलं.

भावोजींनी कात्री खाली घेतली. “साहेब, तुझं शिक्षान उतरलं बघ.”

हात बघितला, तर तव्यावर फिरवल्यासारखा काळा. कपाळावरून, कानामागून काळे ओघळ शर्टाच्या कॉलरपर्यंत आले होते. दगडावरचा माणूससुद्धा मान वर करून हसला. एक जण म्हणाला, “शाई हाय ती. इतकी वर्सं प्याला, आता झिरपते.” ताई पंचा घेऊन धावली आणि माझं तोंड पुसताना तिनेही ओठ दाबून धरले होते, मला दिसलं.

भाची दारात उभी होती. तिला हसू आलं नव्हतं. ती जवळ आली, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “मामा, तू लपवतोस? म्हंजे खरंच हाय काय ते?”

बाकीच्यांचं हसणं मी सहन केलं असतं. हे नाही झालं. बापाने वर्षानुवर्षं बोलून जे पुरतं साधलं नव्हतं, ते मी एका डबीत साधलं होतं.

मी पिंपाकडे गेलो, तांब्याने डोक्यावर पाणी ओतलं आणि सगळं धुऊन काढलं. मग दगडावरच्याला म्हटलं, “ऊठ.” त्याचं अर्धं डोकं राहिलं होतं, तरी तो उठला. मी बसलो.

“कापा.”

“तिथं काय हाय कापायला?” भावोजी म्हणाले. पण आवाजातली थट्टा जरा लंगडली होती.

“जे हाय ते सगळं काढा. वस्तरा घ्या.” रागात माझी भाषा पाड्याची होते. “पन आज तुमी बोलायचं नाय. मी बोलनार.”

इतक्या वर्षांनी माझं डोकं त्यांच्या हाताखाली आलं होतं, तेही सगळ्यांच्या देखत. भावोजी ते सोडणार नव्हते. त्यांनी पोतं झटकलं, माझ्या खांद्यावर टाकलं आणि टाळूवर पंजा ठेवून माझी मान गरजेपेक्षा जास्त खाली दाबली.

मी जमिनीकडे बघत बोललो. आवाज मोठा ठेवला, घरात ऐकू जाईल इतका. म्हटलं, माझे केस शिकून गेलेले नाहीत. माझ्या मामाचे गेले तसे गेले, आणि त्याला सहीसुद्धा येत नव्हती. कातडी झाकली ही माझी लाज होती, शिक्षणाची नाही. हिला कॉलेजात पाठवा. ती शिकते तोवर मी दर महिन्याला इथे येईन, ह्याच दगडावर बसेन. ज्या महिन्यात तिला घरी बसवाल, त्या महिन्यापासून माझं डोकं बोईसरला.

वस्तरा थांबला. भावोजींचा पंजा माझ्या डोक्यावर तसाच होता. सरपंच गेला, पोरं मुंबईकडे गेली, तरुण मुलं आता बाजारात जाऊन केसांत रेषा काढून घेतात, त्या दगडावर येणारे कमी होत चालले होते. हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. आणि मी कसाही असलो तरी पाड्यातला एकुलता साहेब होतो.

“दर महिन्याला?” त्यांनी विचारलं.

“दर महिन्याला.”

“आन लोकांनी इचारलं तर सांगायचं कुनी कापले ते.”

“सांगेन.”

वस्तरा पुन्हा चालू झाला. “जाऊ दे तिला,” ते म्हणाले, मला नव्हे, वाट बघत बसलेल्यांना. “पन केस गेले तर ह्याच्या नावानं बोंब मारीन.”

बोलून झाल्यावर त्यांनी माझा कान कापला. जरासाच. चुकून, असं ते म्हणतात.

भाची आता दुसऱ्या वर्षाला आहे. मी शब्द पाळतो. दर महिन्याला हायवे ओलांडून जातो आणि मान खाली घालतो. ऑफिसात तोच हेलिपॅडवाला परवा म्हणाला, “सर, हा लुक तुम्हाला एकदम सूट होतो हां. कुठे करता?” भावोजींचं नाव-गाव मी त्याला सांगितलं, कारण तसं ठरलं होतं. सांगताना दात आवळले होते. भावोजी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की साहेबाच्या डोक्याला आकार आपण दिला. आकार आईने दिला, पण वस्तरा कानाशी असताना वाद कोण घालणार?

गेल्या खेपेला भाची ओट्यावर न्हालेले केस सोडून पुस्तक घेऊन बसली होती. केस कमरेच्या खाली आलेत. भावोजी माझ्या डोक्यावरून तिला ओरडले, “तेल लाव गं टाळूला, वाचतेस तर!” मी ताडकन मान वर केली.

“मान खाली,” भावोजी म्हणाले.

ती हसली, पान उलटलं आणि वाचत राहिली. तेल काही लावलं नाही. मी मान खाली घातली. तिची पदवी हातात येऊ दे. मग एके रविवारी त्या दगडावर न बसता, उभ्याने, मी भावोजींना काय काय ऐकवणार आहे ते सगळं माझ्या डोक्यात तयार आहे.