पेणला लपवायला नेलेला कान

कान जातोय हे रोह्यात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आमच्याकडच्या दवाखान्यात काउंटरवरची बाई "काय होतंय?" विचारते आणि उत्तर अख्खी धाटाव एमआयडीसी ऐकते, कारण बाकड्यांवर कंपनीचीच माणसं बसलेली असतात. मी केमिकल प्लांटचा कंट्रोल पॅनल सांभाळायचो. एसी खोली, फिरती खुर्ची, समोर स्क्रीन. कंपनीचं मेडिकल तोंडावर आलं होतं आणि त्यात कान सापडला की रवानगी गोदामात. म्हणून आधी गुपचूप तपासून घ्यावं असं ठरवलं आणि सुट्टीच्या दिवशी एसटीने पेण गाठलं. पेणमध्ये मला कुत्रंही ओळखत नाही, असा माझा हिशोब.

तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरची पद्धत अशी, की आत दोन-दोन पेशंट घ्यायचे. एक स्टुलावर, पुढचा मागच्या बाकावर तयार. डॉक्टरचा वेळ वाचतो, बाकावरच्याची करमणूक होते. मागे कुणी येऊन बसलं तसं मी न वळताच म्हटलं, "यांना जरा बाहेर बसवा की." डॉक्टर मान न वळवता म्हणाला, "अहो, इथे कोण तुमचे पाहुणे बसलेत? बोला."

बोललो. डावा पार गेलाय, उजवाही कुरकुरतो, पॅनलवरचा अलार्म ऐकूच येत नाही, लाल दिवा लुकलुकला की बटण दाबतो, बरेच दिवस असंच निभावतोय. डॉक्टर तळहाताने खाली-खाली अशी खूण करू लागला. मला वाटलं, वाकायला सांगतोय. मी वाकलो, टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली आणि उरलेलं त्याच पट्टीत सांगितलं. बहिऱ्याला स्वतःचा आवाजही कळत नाही, एवढी अक्कल तोवर आली नव्हती.

वळून बघतो तर बाकावर माझ्याच शिफ्टचा ऑपरेटर. बाहेर पाइपलाइनी तपासत फिरणारा आणि माझ्या खुर्चीवर टपलेला. तोही रोहा चुकवूनच आलेला.

म्हटलं ठीक, आता मी तुझं ऐकतो. नेमकं तेव्हाच डॉक्टरने माझ्या बऱ्या कानात थेंब सोडले, वर कापूस कोंबला आणि मला बाकावर बसवलं. तो स्टुलावर गेला. हातभर अंतरावर त्याचे ओठ हलत होते, डॉक्टर मान डोलवत होता, आणि मला पंख्याचाही आवाज नाही.

बाहेर आलो तर तिथे बसलेल्या एका म्हातारीने सुनेला माझ्याकडे बोट दाखवलं, स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला आणि तो हवेत उडवला. गेला.

स्टँडवर मी त्याला गाठलं. "तुझंपन ऐकलंय मी सगलं. तू गप, तर मी गप."

त्याने माझ्या कानातला कापूस उपटला आणि माझ्याच हातात ठेवला. "आता बोल. काय ऐकलंस?"

मी कापूस खिशात टाकला.

"दिव्यावर शिफ्ट काढतोस? प्लांट हाय तो, गणपतीची आरास नाय. गॅस सुटला तर पयला मी मरनार. बाहेर मी असतो."

"खुर्ची पायजे म्हनून सांग ना."

"ती तर पायजेच."

साहेबांना त्यानेच सांगितलं. मेडिकलची वाटसुद्धा न बघता मला गोदामात पाठवलं आणि खुर्ची त्याला मिळाली. त्याचं बरोबर होतं हे मला कळतं, आणि म्हणूनच राग जास्त येतो. मीही साहेबांना सांगून आलो, की तोही त्याच डॉक्टरकडे होता. साहेब म्हणाले, "त्याचं नाक असेल."

पुढच्या खेपेला त्याची सुट्टी बघूनच पेणला गेलो. मला कानामागे मशीन बसवून मिळालं. काम झाल्यावर डॉक्टरला म्हटलं, चक्कर आल्यासारखं होतंय, जरा बाकावर बसतो. चक्करबिक्कर काही नव्हती.

थोड्या वेळाने तो आत आला. त्याने मला पाहिलं, मशीन पाहिलं आणि दारातूनच मागे फिरला. डॉक्टरने दोनदा हाक मारली. ती मला स्वच्छ ऐकू आली. तो काही परत आला नाही.

त्याचं काय दुखतंय, मला अजून माहीत नाही. दुखू दे.