बिवळ्यावरचा देवचार

आमच्या वाडीत थापा मारणारे पुष्कळ, पण स्वतःच्याच थापेपुढे हात टेकायची पाळी आली ती एकट्या बाबलीवर.

बाबली साधा काजूवाला शेतकरी. त्याला वेड एकच, बिवळ्याच्या झाडाचं. मालवणला बांगडे आणायला पाठवला तर हा कुणाच्या तरी दाराची बिवळ्याची चौकट कुरवाळत उभा. त्याच्या बागेच्या कडेला, चुलत भाऊ सत्यवानाशी सामाईक जमिनीत, एक जुना बिवळा आहे. बिवळ्याचं लाकूड कठीण आणि चिवट, म्हणून लोकांनी गाडीपासून उंबऱ्यापर्यंत वापरून संपवलं. पंचक्रोशीत शेंगा धरणारं झाड उरलं ते हेच. पापडासारख्या त्या शेंगा बाबली वेचायचा, गोठ्यामागे पिशव्यांत रोपं करायचा आणि लग्न असो की बारसं, अहेर म्हणून रोप घेऊन हजर.

मग सत्यवानाने लाकडाचा व्यापारी आणला. खोडाला टेप लागली. बाबलीने हातापाया पडून पाहिलं, सत्यवान नुसता हसला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बाबली धापा टाकत आला.

"देवचार दिसलो रे माका! बिवळ्याखाली बसलेलो. खांद्यार घोंगडी, तोंडात बिडी!"

देवचार म्हणजे आमच्या गावाचं राखणदार दैवत. त्याच्या जागेवर कुऱ्हाड कोण घालणार? सत्यवानाला ताप भरला, व्यापारी पळाला, बाबली मिशीत हसला.

पण आमची माणसं भक्तीत कमी पडतात होय? झाडाखाली नारळ आले, भाकरीचे रोट आले, देवचार बिडी ओढतो म्हणून बिड्यांचे कट्टे आले. आणि ठेवलेला कट्टा हमखास गायब! "जागृत आसा," लोक म्हणाले. मग नवसाचे खिळे सुरू झाले. एकाने गुडघेदुखी खिळली, एकीने सासू. बिवळ्याला जखम झाली की लाल चीक येतो, ही त्याची जातच. लोकांनी त्याला रक्त समजून हात जोडले आणि आणखी खिळे आणले. रोप मात्र कुणी घेईना.

"देवचाराचो पोर दारात लावन त्येका रोज बिडी कोण देतलो?"

यंदा झाडाचा शेंडा वाळला. शेंग एक नाही. बाबली वर बघत राहिला. बोललं तर तोंड दाखवायला जागा नाही आणि गप्प राहिलं तर झाड नाही.

अमावास्येला सगळी वाडी झाडापाशी जमली. गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा धोंडू घाडी पुढे झाला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांका सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

बाबली मध्येच घुसला. "हय देवचार नाय. मियां खोटा सांगलंय."

"व्हय म्हाराजा!" सवयच ती.

"झाड वाचवूक सांगलंय, आनी तुमच्या खिळ्यांनी झाडच मरता हा!"

"व्हय म्हा..." आवाज विरला.

धोंडूने हळूच विचारलं, "मगे बाबली, बिडयो?"

बाबलीची नजर बायकोवर गेली. तुळशीला हात लावून त्याने शेवंतीला बिडी सोडल्याचा शब्द दिला होता. 'सुटली हा ती सुटलेलीच रवांदे' म्हणून तिने इथे खिळा मारला होता, वर आपल्या हाताने कट्टा ठेवला होता. तोही बाबलीने याच खोडाच्या आड बसून संपवला होता.

"मियांच ओढलंय."

शेवंतीने पदर खोचला आणि ती घरच्या वाटेला लागली.

"म्हणजे आता झाड विकूक हरकत नाय मां?" सत्यवानाला कंठ फुटला.

"इतक्या जणांचे नवस आसत त्येच्यार," धोंडू म्हणाला. "तू पयलो हात लावन बघ."

सत्यवानाने हात लावला नाही. लोक हसत, बाबलीकडे वळून वळून बघत पांगले. आम्ही तर आठवडाभर त्याला 'देवचारानू' म्हणूनच हाक मारणार होतो.

बाबली पकड घेऊन खिळे उपसायला बसला. थोड्या वेळाने समोर पत्र्याचा डबा आपटला.

"माजो तो खालचो," शेवंती म्हणाली. "तो पयलो काढा."

मान वर न करता त्याने तो काढला. बोटांना लाल चीक लागला. एकेक खिळा डब्यात पडत राहिला. शेवटचा पडला तरी शेवंतीने डबा उचलला नाही, त्याच्यापुढे सरकवला. बाबलीने बंडीच्या खिशातून कट्टा काढला आणि खिळ्यांवर ठेवला.

"आनी काडयेपेटी?" शेवंतीने विचारलं.