पहिल्या वेताचं करडू

आमच्या शेजारच्या शलमोनमामांना काही द्यायचं म्हणजे पंचाईतच होती. वाटीभर कालवण पाठवावं, तर संध्याकाळी त्याच वाटीतून गूळ नाहीतर शेंगा परत हजर. मामा टेम्पोतून बेलापूरहून श्रीरामपूरला भाजीपाला न्यायचे, आणि वाटेत कोणी म्हातारं माणूस दिसलं की ब्रेक लागलाच. रोझीमामी वैतागून म्हणायची, "टेम्पो आपला हाय का पंचायतीचा?" मामा नुसते हसायचे. इतका खुशीत जगणारा माणूस आमच्या ख्रिस्ती गल्लीत काय, साऱ्या गावात नव्हता.

दरवर्षी थंडी सरताना आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकतं ते देवापुढे आणायचं. गहू, हरभरा, उसाची मोळी, भोपळे, अंडी, कोंबड्या. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव होतो. मजा अशी, की घेणारा बऱ्याचदा ती वस्तू पुन्हा देवालाच देऊन टाकतो आणि ती पुन्हा बोलीला लागते. एकेक कोंबडा असा चार-चारदा विकला जातो आणि शेवटी वैतागून आरवतो. यात मामा नेहमी सगळ्यांच्या पुढे.

एके वर्षी मामांनी घोडेगावच्या बाजारातून लहानशी शेळी आणली आणि चर्चमध्ये उभं राहून सांगून टाकलं, "हिच्या पहिल्या वेताचं जे काय व्हईल ते देवाचं." पहिलं फळ देवाला, ही आमच्याकडची जुनी रीत. मामी बसल्या जागी पुटपुटली, "आधी इचारावं तरी."

त्यानंतरच्या पावसाळ्यात मामांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दोनच शब्द उरले, व्हय आणि न्हाई. टेम्पो विकावा लागला. मग गल्लीनं जे करायला हवं ते सगळं केलं. कुणी पीठ दिलं, कुणी औषधं आणली. सॅमसनभाऊ, म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे दोस्त, येऊन दाढी करून द्यायचे. मी कालवण नेऊन द्यायचे. मामा खायचे, पण भिंतीकडे तोंड करून. आजारपणानं माणूस चिडचिडा होतो, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मग शेळी व्याली. एकच करडू झालं, काळं कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. चार पायांवर नीट उभं राहायला लागल्याबरोबर ते मामांच्या खाटेवर चढलं ते चढलंच. जरा मोठं झाल्यावर मामा डाव्या हातानं त्याला शेवरीचा पाला चारायला लागले. पाल्यासाठी काठी टेकत दारापर्यंत जाऊ लागले. एकदा त्याच्या उड्या बघून मोठ्यानं हसले, तेव्हा मामी चुलीपाशी जाऊन रडून आली.

आणि सण तोंडावर आला. मामीनं मला अंगणात गाठलं. "सिल्व्हिया, ते करडू गेलं तर ह्यांचं कसं गं व्हायचं? देवाकडं काय शेळ्या कमी हायेत?"

सणाच्या सकाळी तिनं परसातला भोपळा काखोटीला मारला आणि मामांना म्हणाली, "चला, औंदा भोपळा देऊ."

"न्हाई," मामा म्हणाले. काठी टेकत खुंट्यापाशी गेले आणि एका हातानं दावं सोडायला लागले. गाठ काही केल्या सुटेना. मामी भोपळा घेऊन तशीच उभी राहिली, मदतीला गेली नाही. मामांनी शेवटी गाठ सोडलीच.

इकडे चर्चमध्ये आमचे लोक शहाणपणा करून बसले होते. लिलाव पुकारायचं काम सॅमसनभाऊंचं. त्यांनी सगळ्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं, की शलमोननं करडू आणलंच तर कुणी बोली लावायची नाही. कुणी घेतलं नाही की करडू आपोआप घरी परत. सहादेव पाटील शेजारच्या मळ्याचे, ख्रिस्ती नाहीत, पण हंगामाचा सण त्यांनी कधी चुकवला नाही. त्यांनाही निरोप पोचला. युक्ती सगळ्यांना फार आवडली होती.

भोपळा गेला, अंडी गेली, कोंबडा तीनदा गेला. मग मामा करडू घेऊन पुढे आले. पांढराशुभ्र सदरा, केस चापून बसवलेले.

"शलमोनभाऊंचं करडू!" सॅमसनभाऊंनी पुकारलं. "कोण बोलतंय?"

कुणीच बोललं नाही.

"बोला, बोला!"

लोक आपापल्या चपलांकडे बघत होते आणि मामा एकेकाच्या तोंडाकडे. आधी त्यांना वाटलं असावं, लोक मनाशी आकडा ठरवताहेत. मग सगळं त्यांच्या लक्षात आलं. चेहरा असा उतरला, की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"का..." मामा म्हणाले. सगळं आवार दचकलं. "का... न्हाई... घेत?"

सॅमसनभाऊ घाईनं जवळ गेले. "आरं, तुझ्यासाठीच तर..."

मामांनी काठी आपटली. एकेक शब्द त्यांना घशातून ओढून काढावा लागत होता. "तुमी... लई दिलं. मी... घेतलं. समदं... घेतलं. आता... माझं... घ्या की रं."

हा माणूस आमच्यावर कधी चिडलेलाच नव्हता. त्याला लाज वाटत होती. सगळ्यांचं घ्यावं लागत होतं आणि कुणाला काही देता येत नव्हतं, आणि आज जे देता येत होतं ते आम्ही मायेपोटी नाकारत होतो.

सगळ्यात आधी उठली ती रोझीमामी. "सॅमसनभाऊ, तोंडाकडं काय बघत बसलाय? पुकारा की!" रडत होती आणि ओरडत होती.

सहादेव पाटलांनी बोली लावली. मागून दुसरी आली, तिसरी आली. इतक्या ईर्ष्येनं, भांडून लावलेली बोली त्या आवारात मी कधी ऐकली नव्हती. अखेर करडू पाटलांना गेलं. ते परत देऊन टाकायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी दावं त्यांच्या हातात कोंबलं आणि त्यांची बोटं वरून घट्ट मिटवली.

"न्यायचं," मामा म्हणाले.

करडू ओरडत गेलं. मामा ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. डोळ्यांना धार लागली होती आणि अर्धं तोंड हसत होतं. किती दिवसांनी मी त्यांना असं खूश बघत होते!

घरी जाताना मी त्यांच्या मागेच होते. मामा काठी टेकत ताठ चालले होते. मामीचं रडं मात्र काही थांबेना. "पायापायात यायचं वो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मला बी लई सवय झाल्ती त्याची. कुनाला सांगितलं न्हाई एवढंच."

मामा रस्त्यातच थांबले. काठी माझ्याकडे दिली. मी त्यांचा दंड धरला. मोकळा झालेला हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

"रडू... नगं, रोझे. पुढल्या... वेताचं... तुझं."