राखेनं घासलेल्या गाड्या

आमच्या शेजारच्या बसड्रायव्हरला नाद कसला, तर धातूच्या इवल्या इवल्या गाड्या जमवायचा. कपाटभर ट्रक, बंब, मोटारी! बायकोनं त्यांना बोटसुद्धा लावायचं नाही, अशी ताकीद.

एकदा त्याचे मित्र गाड्या बघायला येणार होते. बिचारीला वाटलं, चार लोकांत नवऱ्याची मान ताठ राहू दे. तो कामावर गेल्यावर तिनं दहा-बारा जुन्या गाड्या काढल्या आणि भांड्यांसारख्या राखेनं लख्ख घासल्या. रंग गेला की गं सगळा वाहून!

मित्र पोट धरून हसले. ते गेल्यावर त्यानं उरलेल्या सगळ्या गाड्या मोरीत आणून ओतल्या आणि समोर खुर्ची टाकून बसला.

"घास."

"चुकले हो. पाया पडते तुमच्या."

"हौस होती ना तुला? मग घास!"

बोटांची सालटी निघाली, तरी ती घासत राहिली. शेवटी त्याची जीव की प्राण असलेली लाल बस हाताला आली.

"अहो, ही तरी राहू द्या," ती रडत म्हणाली.

त्यानं राखेचं भांडं पायानं तिच्यापुढे सरकवलं.