पळसाखालचं सूप

त्या दुपारी माझ्या बुढीनं आणि मी मिळून वाळलेली मोहाची फुलं पाखडली. ती सूप हलवत होती, मी काड्या वेचत होतो. आमच्या जोडीतला बैल लाख्या दाव्याला ताण देऊन तिच्याकडे पाहून राहिला होता.

"अजी, तुमच्यापेक्षा यालेच जास्त समजते," ती म्हणाली. "शेवटला पट धावला का दोघायले सुट्टी. महादेवाच्या पायरीवर नेऊन आनू."

"अन् मले सुट्टी?"

"तुमी कुठं धावता? छकड्यावर बसूनच त जाता!"

त्याच रात्री तिला ताप भरला. आठवडा संपायच्या आत माझी बायको गेली.

धान घरात आलं की आमच्याकडे शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मालगुजार जमीनदाराच्या शेतातला पट शेवटला. त्यानंतर नांगरणीपर्यंत बैल मोकळे. दुसऱ्यांच्या जोड्या काठीच्या टोचणीनं धावत, आमची जोडी बुढीकडे धावायची. पटाच्या शेवटाला एक पळस आहे. त्याखाली ती मोहाचं सूप घेऊन उभी राही. लाख्याला तिनं वासरापासून वाढवलं होतं. जोडीतला दुसरा पवळ्या काय, लाख्या जाईल तिकडे जाणारा.

ती गेल्यावर लाख्या धावेचना. सराव करताना अर्ध्यात थांबायचा आणि वास घेत उभा राहायचा. बुढीच्या भावाला, माझ्या मेव्हण्याला, मोह घेऊन पलीकडे उभं केलं, तर लाख्यानं तोंड फिरवलं. भाऊ चिडला. "भाटो, बैल कामातून गेला. पटात नाही धावला त तिरोड्याच्या बैलबाजारात काढा." मीही तिरमिरीत "काढतो" म्हटलं. चारचौघांत शब्द गेला. घरी आलो तेव्हा समजलं, तिच्या हातचं जे एक जिवंत उरलं होतं तेच मी विकायला काढलं.

मला पूजापाठ येत नाही. पटाच्या सकाळी मी महादेवापुढे बसलो आणि सरळ बोललो, "तिले नेलं, मी काही म्हटलं नाही. पट तुया नावाचा हाय. बैलाचं तूच पाहून घे." एवढं बोलून उठलो. कसं कोण जाणे, भीती तिथंच देवापुढे राहून गेली.

छकड्यावर बसलो तेव्हा मेव्हण्यानं टोचायची काठी हातात दिली. मी ती खाली टाकली. "पागल झाले का जी?" तो ओरडला. इशारा झाला. बाजूची जोडी सुटली. लाख्या दोन पावलं गेला आणि थबकला. लोक हसले. मी कासरा सैल सोडला. ओढून काय होणार होतं?

मग लाख्याचे कान उभे झाले. मान वर गेली. असा सुटला की छकड्याची चाकं जमिनीला लागतात की नाही कळेना. धुळीतून मला पळस दिसला, आणि पळसाखाली लुगड्यातली एक बाई, सूप हलवणारी. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा दोन्ही बैल सुपात तोंड घालून होते. बाई गोंड म्हातारी, चिचगडकडच्या रानातली, मोह विकायला आलेली.

"तुये बैल हायेत का? माहा माल खाऊन टाकला ना!"

"माय, तू इथंच काऊन बसली?"

"मंग कुठं बसू? सारीकडं गर्दी. हे एकच जागा रिकामी होती."

रिकामी होती, कारण गावातलं कोणी तिथं उभं राहिलं नव्हतं. बुढीची जागा म्हणून सोडली होती. परक्या बाईला ते ठाऊक नव्हतं. मी तिच्या पाया पडलो. "मोहाचे पैसे दे, पाया कायले पडतं?" ती म्हणाली. तेही दिले.

पट दुसऱ्या जोडीनं जिंकला म्हणतात. मेव्हणा दिवसभर फुगून होता, पण तिरोड्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. संध्याकाळी बैलांना महादेवाच्या पायरीवर नेलं. तिचा शब्द पुरा झाला. हे देवानं केलं की मोहाच्या वासानं, ते शिकलेल्यांनी ठरवावं. मला एवढं कळलं की मी कासरा ओढून धरला असता तर बैलाला कान उभे करायला जागाच मिळाली नसती. माझी काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलांची दावी सोडली. तिचं सूप खाली काढलं, अंगणात बसलो आणि मोह पाखडायला लागलो. मला नीट जमत नव्हतं, अर्धा मोह जमिनीवर सांडला. काड्या वेचायला समोर कोणी नव्हतं. लाख्या आला आणि सांडलेलं खाऊ लागला.