एकशे पन्नासचा जेट

माझ्या मित्राच्या एटीव्हीचं कार्ब्युरेटर चार वर्षं माझ्याशिवाय कोणी उघडलं नव्हतं. ही नोंद मी आधी करतो, कारण पुढे जे घडलं ते यातूनच घडलं.

एटीव्ही म्हणजे चार जाड टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली, मातीत पळवायची गाडी. मित्रानं ती दर वर्षीच्या चढावाच्या शर्यतीसाठी जुनी घेतली होती. काटोलजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे, तिथल्या शेडमध्ये ती उभी असायची. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. मंगळवारी सुट्टी असली की नागपूरच्या धरमपेठेतून निघून साडेनऊपर्यंत शेडमध्ये पोचायचो. आम्ही तिच्या टू-स्ट्रोक इंजिनचा सिलिंडर आतून घासला, मूळ सायलेन्सर काढून फुगीर पोटाचा पाइप बसवला. इंजिनचा श्वास मोठा झाला, की त्याला पेट्रोलही जास्त लागतं. ते किती द्यायचं हे कार्ब्युरेटरमधला मेन जेट ठरवतो. हा जेट म्हणजे मधोमध भोक असलेला पितळी स्क्रू. भोकाचं माप त्यावर आकड्यात कोरलेलं असतं.

पेट्रोल जास्त झालं तर इंजिन गुदमरतं. कमी झालं तर ते आधी जोरात पळतं, आवाज बारीक होतो आणि मग पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं. त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्हाला मोठा जेट हवा होता. नागपुरात एकशे पन्नासच्या वरचा मिळाला नाही. मी एकशे पन्नासचाच घेतला, घरी खिडकीशी बसून हातातल्या बारीक ड्रिलनं त्याचं भोक थोडं थोडं वाढवलं. आमच्या घरी पूर्वी हातमाग होता, बारीक कामाला बोटं सरावलेली होती. पाचव्यांदा बसवल्यावर गाडी सुरेख चालली. भोक अंदाजे एकशे पासष्टचं झालं असावं. मोजायला माझ्याकडे काही नव्हतं.

मित्रानं जेट हातात घेऊन आकडा वाचला आणि म्हणाला, “एकशे पन्नास! नुसत्या कानानं काढला तू?”

मी भोकाबद्दल काही बोललो नाही. मी नुसता आवाज ऐकून नेमका जेट शोधतो, हे पुढे त्यानं शर्यतीतल्या सगळ्यांना सांगितलं. लोक माझ्याकडे गाड्या आणू लागले. बातमीत असा दावा आला असता तर मी बाजूला प्रश्नचिन्ह काढून ती वार्ताहराकडे परत पाठवली असती.

या वर्षी मार्चमध्ये मित्राचा फोन आला. उन्हात गाडी वरच्या वेगाला भडभडत होती. मी म्हणालो, मंगळवारी येतो. तो म्हणाला, “नको येऊ गा. हिंगणा रोडले एक बाई आल्या आहेत, डायनो लावला त्यांनी. तिथंच ये.”

डायनो म्हणजे जमिनीत बसवलेला जड रोलर. गाडीची मागची चाकं त्यावर ठेवून जागच्या जागी पळवतात, आणि इंजिन किती ताकद देतं त्याचा आलेख पडद्यावर उमटतो. मी त्याबद्दल वाचलं होतं. त्या मंगळवारी मी तिथे गेलो तो मदतीला नव्हे. ती बाई चुकते कुठे, हे मला पाहायचं होतं.

ती तिशीची होती. कोइम्बतूरला रेसिंगच्या वर्कशॉपमध्ये काम करून परतलेली. शेड झाडून स्वच्छ, जेट लहान डब्यांत क्रमानं. मला पाहून म्हणाली, “या काका. यांनी सांगितलं, कार्ब तुम्हीच पाहता.”

मी बेचाळीस वर्षांचा आहे. ‘काका’ हा शब्द मला त्या तासाभरात चारदा ऐकावा लागला.

मित्र तिच्याशी माझ्यापेक्षा मोकळेपणानं बोलत होता. ती प्रश्न विचारायची, उत्तर वहीत लिहायची. पेट्रोलमध्ये ऑइल किती, प्लग कोणता, पाइप कुठे वाकवला. माझ्याबरोबर चार वर्षांत त्याला हे प्रश्न कोणी विचारले नव्हते, कारण उत्तरं मला माहीत आहेत असं दोघांनीही गृहीत धरलं होतं. तो खूश होऊन सांगत होता. मी मागे उभा राहून तिच्या वहीतलं अक्षर पाहत होतो. अक्षरही चांगलं होतं.

मित्र गाडीवर बसला. गाडीला पट्टे बांधून झाले, तिनं हात वर केला आणि त्यानं पूर्ण थ्रॉटल दिला. आलेख वर चढला आणि शेवटाला वाकला.

“वर पेट्रोल जास्त जातंय,” ती म्हणाली. “मेन जेट किती?”

“एकशे पन्नास,” मित्र म्हणाला. “यानं कानानं काढला बरं का वं ताई.”

तिनं जेट खोलला, आकडा वाचला. मग माझ्याकडे वळली. “काका, हा ओरिजिनलच आहे ना?”

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. ते तयार होतं. पण मित्र माझ्याकडे पाहत होता, अजून माझ्या बाजूनं. ते वाक्य बोललो असतो तर तेवढंही उरलं नसतं.

“त्यावर लिहिलंय ना,” मी म्हणालो.

तिनं एकशे पंचेचाळीसचा जेट उचलला. तिच्या हिशेबानं एक पायरी खाली. माझ्या हिशेबानं चार. त्या इंजिनचा पिस्टन भारतात कुठेही सहज मिळत नाही, आणि शर्यत बारा दिवसांवर होती. हे सगळं मला माहीत होतं. ती जेट घट्ट करत असताना मी हे सगळं एकामागून एक आठवलं आणि गप्प राहिलो. तिची पहिलीच मोठी चूक आता सगळ्यांना दिसणार होती.

हात वर झाला. मित्रानं थ्रॉटल दिला.

आवाज दोन सेकंदांत बदलला. तो स्वच्छ, बारीक, कोरडा झाला, भांडं चमच्यानं वाजवल्यासारखा. ती पडद्याकडे वळत होती, आकडे अजून यायचे होते.

“सोड!” मी ओरडलो. “सोड, सोड!”

मित्रानं त्याच क्षणी थ्रॉटल सोडला आणि इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं. चार वर्षं माझ्या आवाजावर थांबायची त्याला सवय होती. रोलर बराच वेळ फिरत राहिला.

तिनं पाइप काढून, टॉर्च लावून आत पाहिलं. “पिस्टनला बारीक रेघा आहेत. चिकटला नाही. आणखी दोन सेकंद गेली असती तर गेला होता.”

मित्र गाडीवरून उतरला तो सरळ माझ्याकडे आला आणि माझी मान दोन्ही हातांनी धरली. “पाहिलं ताई? मशीनच्या आधी ऐकलं यानं! मशीनच्या आधी!”

मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, तिच्या समोर. ते मी साधारण अर्धं मिनिट घेतलं.

तिनं डब्यातून ठरावीक मापांच्या पोलादी पिनांचा संच काढला आणि माझ्या जुन्या जेटच्या भोकात एकेक पिन घालून पाहिली. एकशे पन्नासची पिन सैल. साठची सैल. पासष्टची बसली. तिनं जेट टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहत थांबली. अशी थांबण्याची पद्धत मला माहीत आहे. आम्ही मुलाखतीत तेच करतो.

“भोक मी मोठं केलं होतं,” मी म्हणालो.

“कधी?” मित्रानं विचारलं.

“बसवतानाच. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात.”

“म्हणजे एकशे पन्नास कधी नव्हताच?”

“नाही.”

तो क्षणभर हसण्याच्या बेतात होता. जेटचं भोक वाढवणं हा गुन्हा नाही, आमच्याकडे सगळेच करतात. मग त्याच्या लक्षात आलं. “अन् आता ताईंनं विचारलं तुले. ओरिजिनल आहे का म्हणून.”

“हो.”

“मी वर बसून होतो ना गा. काहून नाही सांगितलं?”

“तू गाडी इकडे आणली म्हणून.”

हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. ती वही घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला गेली.

“चार वर्षं मी तुयाच हातात देत होतो,” तो म्हणाला. “एक दिवस दुसरीकडं नेली त तू माही गाडी फोडाले निघाला?”

“फोडायची नव्हती. तिची चूक दिसायला हवी होती.”

“ते एकच झालं.”



ती परत आली तेव्हा तिच्या हातात एकशे साठचा जेट होता. “चुकलं माझंही,” ती म्हणाली. “आकड्यावर विश्वास ठेवायला नको होता, आधी पिन घालायला हवी होती.” तिनं ते वहीत लिहिलं. माझी चूक लिहिली नाही. मला त्याचाही राग आला.

संध्याकाळपर्यंत गाडी पूर्वीपेक्षा चांगली पळू लागली. किती चांगली, हे पडद्यावर होतं, वाद घालायला जागा नव्हती. निघताना मित्र म्हणाला, “शर्यतीले ये. पण कार्बले हात नको लावजो.”

मी गेलो. दोरीच्या बाहेर, प्रेक्षकांत उभा राहिलो. ती दोरीच्या आत, त्याच्या शेजारी होती. त्याची पाळी आली, गाडी चढावाला लागली. वरच्या टप्प्यावर, जिथे ती दर वर्षी अडखळायची, तिथे आवाज एकसारखा राहिला. मी तो लक्ष देऊन ऐकत होतो. तो बिघडावा, असं मला वाटत होतं. बिघडला नाही. मित्र माथ्यावर पोचला, दोन्ही हात वर केले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या, सगळ्यांच्या थोड्या नंतर.