दोनशेवा फटका

"चूक की फटका?" असं विचारून दादा पेन्सिल हवेत धरायचे. विचारलं तरी उत्तर ऐकायचे नाहीत. मान खाली घालून लिहायचे, आणि एकदा लिहिलं की कुणाचा बाप आला तरी बदलायचे नाहीत.

तुम्हाला आधी खेळ सांगितला पाहिजे. मलाच कळायला अख्खा उन्हाळा गेला. बेसबॉल. आपल्या क्रिकेटसारखाच, पण स्टंप नाहीत आणि बॅट मुसळासारखी. फलंदाज मारतो आणि पहिल्या तळाकडे, म्हणजे बेसकडे, पळतो. पोचला तर तो कसा पोचला हे ठरवायचं. त्यानं मारलाच तसा असेल तर तो फटका, त्याच्या नावावर. समोरच्याच्या हातातून सुटला असेल तर चूक, आणि मारणाऱ्याला काही नाही. हे पंच ठरवत नाही. कडेला टेबल टाकून कागद लिहिणारा ठरवतो. आमचे दादा ते काम चाळीस वर्षं करत होते.

मी चौथी शिकलेला. मिरजेला लेथवर जन्म गेला. बायको गेली तेव्हा मुलानं इथं जर्मनीत, स्टुटगार्टला आणलं. तो आणि सून कामावर गेले की घरात मी आणि हीटर. म्हणून चढावरून खाली उतरायचो, तर मैदान लागायचं. एका रविवारी तिथं उभा होतो आणि कानावर आलं, "पकड की मुडद्या!" मी चमकलो. छत्रीखाली एक म्हातारा, कानाला पेन्सिल. लिहिणाऱ्यानं कुणाची बाजू घ्यायची नसते, म्हणून ते शिव्या मराठीत द्यायचे. कुणाला कळत नाही, म्हणजे पक्षपात नाही.

"कुठले?" त्यांनी विचारलं.

"मिरज. टर्नर."

"बसा मिस्त्री. पण बोलायचं नाही. कागद चालू आहे."

पन्नास वर्षांपूर्वी पिंपरीहून इथं गाड्यांच्या कारखान्यात फिटर म्हणून आलेले. जर्मन बायको केली, तीही गेली. जवळच्या छावणीतल्या अमेरिकन सैनिकांमुळे इथल्या पोरांना या खेळाचा नाद लागला होता आणि लिहायला कुणी नव्हतं. यांना क्रिकेटचा स्कोअर लिहायची सवय. इथली मराठी पोरं त्यांना काका म्हणायची. मी चार वर्षांनी धाकटा, मी दादा म्हणायचो.

तो प्रश्न ते कशालाही लावायचे. एकदा ट्राम डोळ्यांदेखत निघून गेली. मी ड्रायव्हरला बोललो.

"चूक की फटका, मिस्त्री?"

"त्यानं दार लावलं की!"

"चूक. तुम्ही बिस्कीट बुडवत बसला होता."

एके दिवशी मी त्यांना बायकोचं सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं तसं सगळं सांगितलं. दुपारी म्हणाली, छातीत जळजळतंय. मी म्हटलं, भजी कमी खात जा. ओवा दिला आणि कामाला गेलो. संध्याकाळी आलो तर ती नव्हती. मुलगा म्हणाला, बाबा तुमचा काय दोष. भावकी म्हणाली, वेळ आली होती. सगळे तेच. दादांनी पेन्सिल खाली ठेवली.

"चूक," ते म्हणाले.

मी रडलो. ती गेल्यावर पहिल्यांदा. त्यांनी नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. खरं सांगतो, त्या माणसावर माझा जीव त्या दिवशी बसला. बाकी सगळ्यांनी मला खोटं सांगून एकटं पाडलं होतं.

आता त्यांचं दुखणं सांगतो.

क्लबाच्या घरात भिंतीवर लाकडी पाटी आहे, जुन्या खेळाडूंच्या नावांची. दोनशे फटके केले की नाव लागतं. एका खेळाडूचे एकशे नव्व्याण्णव होते. डावखुरा, बेकरीवाल्याचा मुलगा, दादांचा जिवलग. दादा इथं नवीन होते तेव्हा यांच्याशी कुणी बोलत नव्हतं, तो रोज सकाळी दारात पाव ठेवून जायचा. शेवटच्या सामन्यात त्यानं असा मारला की समोरच्याच्या हातमोज्यावर आदळून चेंडू उडून गेला. सगळं मैदान टेबलाकडे बघत होतं. दादांनी लिहिलं, चूक.

"का हो?" मी विचारलं.

"दोस्त माझा. मी परका. फटका दिला असता तर म्हणाले असते, हा इंडर, हा हिंदुस्थानी, यारासाठी लिहितो. ते म्हणू नयेत म्हणून मी चूक लिहिली. फटका होता तो, मिस्त्री. शंभर टक्के फटका."

दोस्त त्यांना एका शब्दानं बोलला नाही. त्यानंतर तो खेळलाही नाही. आता अर्धांगवायूनं वृद्धाश्रमात, चाकाच्या खुर्चीत. क्लबातलं कुणी तिकडं फिरकत नाही. दादा दर गुरुवारी जायचे. दर हिवाळ्यात क्लबाच्या सभेत उठून सांगायचे, माझी नोंद चुकली, त्याचं नाव लावा. दर हिवाळ्यात सभा म्हणायची, नाही.

मी आडदांड माणूस. म्हटलं, "दादा, कागद तुमच्याच कपाटात आहे ना? खोडा आणि लिहा फटका. लेथवर माप चुकलं तर मी काय देवाला विचारायला जातो?"

त्यांनी कपाटातून तो कागद काढला. सगळा पिवळा, आणि त्या एका चौकोनात पांढरा, सालीसारखा पातळ. उजेडात धरला तर पलीकडचं बोट दिसलं.

"कितीदा खोडलंय," ते म्हणाले. "परत हात तेच लिहितो."

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला सभेला नेलं. फायली उचलायला कुणी पाहिजे म्हणाले, पण फाईल एकच होती. वीसेक माणसं, बिअर, बटाट्याची कोशिंबीर. वाद झाला, दादा माझ्या कानात भाषांतर करत होते, स्वतःच्या विरुद्धचंसुद्धा.

"हा म्हणतो, तो सरावाला यायचा नाही. ती म्हणते, अर्ध्या गावाला खेळ त्यानंच शिकवला. हा म्हणतो, एकाला दिलं तर उद्या प्रत्येकाचा आजा उठून येईल."

मग अध्यक्ष उभा राहिला. चांगला माणूस, दादांच्या हाताखाली वाढलेला. 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणाला, नोंद बदलायची मुदत एक दिवसाची. आणि हे आम्हाला शिकवलं कुणी? तुम्हीच. कागदावर चूक आहे म्हणजे चूक आहे. तुमच्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही तर मग कुणाच्या? लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांच्या मानासाठी वाजवल्या, हेच वाईट.

हात वर करायला सांगितले. बाजूनं पाच आले. त्यातला एक माझा, आणि मी सभासद नाही म्हणून तो धरला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी बरोबर गेलो. दोस्त खिडकीशी बसला होता, अर्धं तोंड वाकडं, डोळे मात्र लख्ख. सभा झाली हे त्याला माहीत होतं. त्यानं दादांकडं बघितलं. दादा त्याच्यासमोर बसले आणि जर्मनमध्ये तीन-चार शब्द बोलले. तो माणूस आधी हसला. मग त्यानं आपला चांगला हात दादांच्या गालावर ठेवला.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय सांगितलंत?"

"नाव लागलं म्हटलं."

ट्रामच्या थांब्यावर आलो. मग राहवलं नाही. "मला नाही असं गोड बोललात."

"तुमची बायको समोर बसली नव्हती, मिस्त्री."

त्यांनी त्याच आठवड्यात क्लबाची किल्ली परत दिली. अध्यक्ष घरी आला, विनवलं. दादा म्हणाले, डोळ्यांना दिसत नाही. दिसत होतं, चांगलं दिसत होतं. मला म्हणाले, "खोटं बोललेल्या माणसानं टेबलावर बसू नये." त्या उन्हाळ्यात ते मैदानाकडे आले नाहीत. मी जायचो आणि येऊन सांगायचो कोण जिंकलं. ते 'हं' म्हणायचे. चूक की फटका, एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, राग जाईल. राग नव्हताच तो. ऑक्टोबरमध्ये शेजारणीनं पोलिसांना बोलावून दार उघडलं, तेव्हा ते स्वयंपाकघरात खुर्चीवर होते. डॉक्टर म्हणाला, त्रास झाला नसेल. डॉक्टर तसंच म्हणतात.

आता गुरुवारी मी जातो. मला जर्मन येत नाही. 'या' म्हणजे हो, 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर, 'डांके' म्हणजे आभार, एवढ्यावर तासभर काढतो. दोस्ताला दादांचं कळलं आहे. तो माझा हात धरून बसतो आणि मैदानाकडच्या बाजूला बोट करून काहीतरी सांगत राहतो. मी गेनाऊ म्हणतो.

गेल्या गुरुवारी तिथल्या नर्सनं फोनवर भाषांतर करून मला दाखवलं. लिहिलं होतं, आजोबा सगळ्यांना सांगतात की त्यांचं नाव पाटीवर आहे. रविवारी नवा हंगाम सुरू होतो. आम्ही गाडी ठरवली आहे, त्यांना पाटी दाखवायला नेणार. तुम्ही त्यांचे मित्र, तुम्हीही या.

मी अध्यक्षाकडे जाऊ शकलो असतो. मुलाला सांगून बोलणं करवता आलं असतं. पण काय सांगणार? दादा खोटं बोलले, हे? ज्या माणसाच्या शब्दावर त्या क्लबाची सगळी कपाटं उभी आहेत? आणि सांगून पाटीवर नाव थोडंच येणार आहे. मतं पडून गेली.

आज रविवार. गाडी अकराला यायची आहे. दोस्त नवा शर्ट घालून बसला आहे, डोक्यावर क्लबाची जुनी टोपी. मला बघून त्यानं पाय पुढं केला. एका हातानं त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही. मी खाली बसलो आणि बांधायला लागलो. माझी बोटं आता जाड झाली आहेत, वेळ लागतो. मी मुद्दाम आणखी वेळ लावला.